ट्रान्सप्लांटच्या आधीची केमो: घरच्या माणसाची यादी

ट्रान्सप्लांटची बॅग एका संध्याकाळी भरून होते. त्याआधी चार-पाच महिने केमो चालते, आणि त्या काळात घरच्या माणसाने काय काय उरकून ठेवायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर झाला आणि त्यांच्याच स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून परत द्यायच्या, म्हणजे ऑटोलोगस ट्रान्सप्लांट करायचा असं ठरलं. दात्याच्या सेल्स घ्यायच्या असतील तर पथ्यं याहून कडक असतात, ती डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

सगळ्यात आधी थर्मामीटर घ्या, डिजिटल, आणि दोन घ्या. १००.४ फॅरनहाइट दिसलं की हॉस्पिटलला फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना कधीकधी तापाशिवाय दुसरं लक्षणच दिसत नाही. आपण पॅरासिटामॉल देऊन तो उतरवला तर संसर्ग आत तसाच वाढतो. रात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा, गेट कुठलं उघडं असतं, हे दिवसाउजेडी विचारून फ्रिजवर चिकटवा. मी विचारलं नव्हतं. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर, म्हणजे दुसऱ्या फेरीनंतर ताप आला तेव्हा रात्री अडीच वाजता वॉचमनशी हुज्जत घालत उभी होते.

मग एक वही. तारीख, ताप, काय खाल्लं, उलटी, संडास, गोळ्या, सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचे आकडे. केमोतल्या बोर्टेझोमिब या इंजेक्शनने तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. लवकर सांगितलं तर डॉक्टर डोस बदलतात. ह्यांनी ते महिनाभर लपवलं. चप्पल पायातून निसटलेली कळेना तेव्हा मला समजलं. म्हणून "कसं वाटतंय?" असं मोघम विचारू नका, "पायाला फरशी गार लागते का?" असं विचारा. डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घ्यायचे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्या दिवशी झोप उडते, साखर चढते आणि माणूस भाजीत मीठ कमी पडलं यावरूनही भांडतो. पैशांचा आणि नातेवाइकांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, एवढं पथ्य मी पाळलं आणि आमचा संसार टिकला.

स्वयंपाकघरात सवयीच आड येतात. पेशी खाली असताना कच्चं बंद, म्हणजे कोशिंबीर नाही हे कुणालाही कळतं. पण पोह्यांवर शेवटी कोथिंबीर आणि ओलं खोबरं भुरभुरणारा हात कसा आवरायचा? मी कोथिंबीर फोडणीतच घालायला लागले. ताजं शिजवलेलं, गरम वाढायचं, कालचं काही नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येते तेव्हा स्टीलऐवजी लाकडी चमचा द्या. मळमळ असेल त्या दिवशी ते घरी परतायच्या आत फोडण्या उरकून खिडक्या उघडा. शेजारून गुळवेलीचा काढा येईल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो द्यायचा नाही. तीर्थ आलं तर डोळ्यांना लावून ठेवून द्यायचं.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायला एक माणूस नेमा, आणि तो तुम्ही नसलेला बरा. आमच्याकडे हे काम मुलीने केलं. आत्याबाई अजून तिच्याशी धड बोलत नाहीत.

कागदपत्रं केमो चालू असतानाच करा. हॉस्पिटलचं खर्चाचं पत्र, मेडिक्लेमची आधी घ्यायची मंजुरी, आणि लागणार असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज. हॉस्पिटलमधले समाजसेवा विभागाचे लोक यात वाटाड्या असतात. बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो पेशंटबरोबर ट्रान्सप्लांटच्या वेळी आयसोलेशनच्या, म्हणजे संसर्ग टाळायला वेगळं ठेवतात त्या खोलीत जाणार असतो, हेही आधीच लक्षात घ्या. दाताच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारा, कारण किडलेली दाढ पुढे महागात पडते. घराला रंग, तोडफोड काढायची नाही. धुळीतून बुरशी येते. गॅलरीतल्या कबुतरांना जाळी आत्ताच लावून घ्या.

रक्तदाते शोधताना एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट्स देणाऱ्यांची वेगळी यादी हवी. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दहा जणांना एकाच दिवशी बोलावून उपयोग नाही. यंत्रावर दीड-दोन तास बसावं लागतं हे त्यांना आधीच सांगा.

सेल्स काढण्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं असतात, त्यांनी हाडं ठणकतात. पाठ, कंबर धरली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. सेल्स काढायच्या यंत्रावर ओठांना झिणझिण्या आल्या तर लगेच नर्सना सांगायचं, कॅल्शियम उतरलेलं असतं. मेल्फलानच्या, म्हणजे सेल्स परत देण्याआधीच्या मोठ्या डोसच्या केमोच्या दिवशी बर्फ लागतो. औषध चालू व्हायच्या आधीपासून ते संपल्यानंतरही थोडा वेळ बर्फाचे तुकडे चघळत राहिलं की तोंडातले फोड कमी येतात. आपल्या वॉर्डात बर्फ देतात की नाही, एवढं विचारून ठेवा.

आणि तुमच्या जागी कोण? तुम्हाला साधी सर्दी झाली तरी आयसोलेशनच्या खोलीत जाता येत नाही. फ्लूची लस मी घेतली होती, बीपीच्या गोळ्या मात्र दोनदा विसरले. शेवटच्या सायकलला मी मुद्दाम घरी थांबले आणि धाकट्या भाऊजींना पाठवलं. संध्याकाळी वही उघडली तर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ताप ९८.२, उलटी नाही, डबा अर्धा खाल्ला, वहिनीची चौकशी तीनदा.