ब्रेकचं पेडल खाली जातंय? मास्टर सिलिंडर बदलण्याआधी एवढं तपासा

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ पडलं, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मास्टर सिलिंडर गेला." पायाचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा हा पंप कधी कधी खरंच गेलेला असतो. माझ्या पंचवीस वर्षं जुन्या हॅचबॅकचा गेलेला नव्हता. मी नवा टाकला, ब्रेकच्या लाइनमधली हवा तीनदा काढून घेतली, आणि पेडल जिथल्या तिथे. शेवटी आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्या काकांनी खिडकीतून डोकावून सांगितलं, "हँडब्रेक ओढ, आणि आता मार बघू पेडल." पेडल चांगलं दोन बोटं वर लागलं. दुखणं मागच्या चाकांच्या शूंमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये होतं. काकांची उभी हयात काळ्या-पिवळ्या पद्मिनीवर गेलेली. त्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम, त्यामुळे शू आणि ड्रममधली फट म्हणजे काय हे त्यांच्या पायालाच कळायचं. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण ही युक्ती मागे ड्रम असलेल्या कुठल्याही गाडीला चालते.

म्हणून पाना नंतर, आधी पाय. खाली जे सांगतोय ते एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या नंतरच्या मारुती ८०० सारख्या बहुतेक छोट्या गाड्या त्यात येतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. पेडल थेट तळाला टेकत असेल, तर "हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत" असं करू नका. टोचन लावून नव्हे, उचलून न्या, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा. टोचन लावलेल्या गाडीलाही ब्रेक लागतातच.

पायानं तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा मारून सोडा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. आता एकदा मध्यम जोरानं दाबा आणि अर्धा-एक मिनिट धरून ठेवा. कुठे थांबतं, कसं लागतं, थांबलेलं राहतं का, एवढंच बघायचं.

वाळूत पाय रुतावा तसं पेडल सावकाश खाली जात राहिलं, तर ऑइल कुठून तरी निसटतंय. एक तर बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून मागे सरकतंय.

पहिल्या दाबाला खाली, पण लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आणि टणक लागलं, तर कुठेतरी फट वाढली आहे. बहुधा मागचे शू ड्रमपासून लांब गेलेत.

पंप केल्यावर थोडं वर येतं, पण दर वेळी पायाखाली फुगा असल्यासारखं दबतं, तर लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तो फुगा म्हणजे तीच हवा.

या तिन्हींतलं काहीच आढळलं नाही, तर पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकेल. पुष्कळ लोक इथे घाबरतात, पण तसं सरकणं म्हणजे बूस्टर काम करतोय. बूस्टर बिघडला की पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही. मऊ पेडलसाठी कुणी बूस्टर बदलायला सांगितला, तर दुसरं गॅरेज शोधा.

आता काकांची युक्ती. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा पेडल मारा. ते आधीपेक्षा स्पष्ट उंच लागलं, तर हँडब्रेकनं मागचे शू ड्रमला आणून टेकवलेत आणि फट तिथेच आहे. काहीच फरक पडला नाही, तर शू बाजूला ठेवा आणि हवा किंवा गळतीकडे वळा. एका मिनिटाची, फुकटची तपासणी आहे ही, आणि तरीही फार कमी लोक करतात.

टाकी आणि ऑइल

बोनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी टाकी बघा. झाकण उघडण्याआधी फडक्यानं पुसा. तिथली धूळ आत गेली तर ती थेट रबरांशी जाते. पातळी खालच्या रेघेच्या आसपास आली म्हणजे गळतीच आहे असं नाही. डिस्क पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये जातं. अशा वेळी नुसतं ऑइल भरत राहिलात, तर पॅड संपल्याचं कळणारच नाही. पण दोन-तीन आठवड्यांत पातळी दिसण्याइतकी उतरत असेल, तर गळती शोधायलाच हवी.

ऑइलचा रंग चहासारखा झाला असेल तर ते जुनं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर फारच. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर हा आकडा १४० पर्यंत येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, की चाकाजवळचं जुनं ऑइल उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफही हवेसारखी दबते. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ पडलं, तासभर थांबल्यावर पुन्हा ठीक झालं, असं सांगणारे कितीतरी भेटतात आणि "गरम झाली होती, आता बरी आहे" म्हणून सोडून देतात. बरी झालेली नसते. ऑइल बदलायचं, आणि पुढच्या वेळी ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा.

टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या, तोही सीलबंद डब्यातला. गेल्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीच मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल, स्टीअरिंग ऑइल यांचा एक थेंबसुद्धा नको, सगळी रबरं फुगतात. ऑइल बॉडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

गळती कुठे लपते

चारही टायरांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, बघा. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर असतो, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतो. ड्रम काढून बुटाची कड अलगद उचला. आतून ऑइल ओघळलं, तर तो सिलिंडर संपला. त्या ऑइलनं भिजलेले शू धुऊन पुन्हा बसवू नका, शूवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनरमध्ये मुरलेलं तेल निघत नाही. दोन्ही बाजूंचे शू बदलायचे, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. ड्रममधली काळी पूड फुंकून किंवा हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

मग लोखंडी पाइप. समुद्राकाठच्या गाडीत ते खालच्या क्लिपांपाशी गंजतात. रबरी होज बघताना कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि होज मुठीत धरा. ते हातात फुगल्यासारखं वाटलं किंवा वाकवल्यावर त्याला बारीक चिरा दिसल्या, तर बदला.

ऑइल कमी होतंय पण थेंब कुठेच सापडत नाही, तर एक जागा उरते. मास्टर सिलिंडर बूस्टरला दोन नटांनी जोडलेला असतो. ते नट सैल करून सिलिंडर पाइपांना ताण न देता बोटभर पुढे घ्या आणि मागे बोट फिरवा. ओलं लागलं, तर मागचं रबर गळतंय आणि ऑइल गुपचूप बूस्टरच्या पोटात जातंय. बाहेर कुठेच ओल नाही, पातळी उतरत नाही, तरी धरलेलं पेडल खाली जातच राहतं, तर रबर आतल्या आत सोडतंय. या दोनच परिस्थितींत मी मास्टर सिलिंडरवर पैसे घालीन. नवा बसवण्याआधी तो शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून त्यातली हवा काढायला सांगा, ही पायरी टाळली की पुढचे दोन तास हवाच निघत राहते.

शूंची फट

हँडब्रेकच्या परीक्षेत पेडल वर आलं असेल तर हे काम. पुढच्या चाकांना ठोकळे, मागची बाजू जॅकनं उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवलेली. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. हँडब्रेक सोडा. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर रबरी बुचाखाली एक खाच असते, तिच्यातून स्क्रू ड्रायव्हरनं दातेरी चाक फिरवायचं. काही गाड्यांत त्याऐवजी बाहेरूनच पान्यानं फिरणारा ॲडजस्टर असतो. गाडीचं चाक हातानं फिरेनासं होईपर्यंत ते घट्ट करा, पेडल एकदा जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्या, मग चाक मोकळं फिरून अगदी हलकी खरखर ऐकू येईल इतकं मागे घ्या.

पुष्कळ गाड्यांत हे आपोआप व्हायची सोय असते, पण जुन्या गाडीत ती यंत्रणा गंजून जाम झालेली असते. माझ्या गाडीत तिचा दाता ब्रेकच्या पुडीत इतका बसला होता, की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्यावर तो दाता आहे हे कळलं. त्यात एक चूक सर्रास होते. हँडब्रेक सैल लागतो म्हणून शू न बघता फक्त केबल ताणली जाते. केबल जास्त ताणली की आतला दांडा कायम ओढलेला राहतो आणि आपोआप जुळणारी यंत्रणा कामच करत नाही. हँडब्रेक छान घट्ट, पण पेडल खाली! आधी केबल सैल करा, शू जुळवा, शेवटी केबल.

पहिला दाब खाली जातो तो फक्त खड्ड्यांतून किंवा मोठ्या वळणावरून आल्यावर, एरवी नाही, असं असेल तर पुढची चाकं उचलून वर-खाली हलवून बघा. बेअरिंगला खेळ असला की डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते.

हवा काढणे

दोन माणसं, आठ किंवा दहाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, तळाला थोडं ऑइल असलेली बाटली. फिक्स पाना लावू नका, हवा काढायच्या बारीक तोटीची, म्हणजे निप्पलची कड गोल झाली की मग कॅलिपरच काढायची पाळी. गंजलेल्या निप्पलवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला, जिथे पिस्टन वर्षानुवर्षं गेलेलाच नसतो, तिथे गंज आणि गाळ साठलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या गाळावरून घासून फाटतं. "कालपर्यंत बरा होता, हवा काढली आणि मास्टर गेला" म्हणतात ते यामुळेच.

क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाचा. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत तो सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्रेकची जोडणी तिरकी (एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकाच लाइनवर) असेल तर क्रम बदलतो, गाडीचं मॅन्युअल असेल तर तेच माना.

माझा पुतण्या सीटवर असतो आणि मी चाकाशी.

"मार."

तो तीनदा सावकाश पेडल मारून दाबून धरतो. "धरलं, काका."

मी निप्पल पाव फेरा सोडतो. नळीत बुडबुडे धावतात. "गेलं खाली," तो सांगतो.

"सोडू नकोस अजून." निप्पल घट्ट. "हं, सोड आता."

निप्पल उघडं असताना पेडल सोडलं की बाहेरची हवा आत, म्हणून ही बडबड हवीच. भराभर पंप करू नका, मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि मग ते निघत नाहीत. दर पाच-सहा वेळा टाकी भरा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. नळीतून सलग, स्वच्छ रंगाचं ऑइल आलं की पुढचं चाक. निघालेलं ऑइल परत टाकीत नाही.

कितीही काढली तरी हवा संपत नसेल आणि नुकतेच कॅलिपर काढून बसवले असतील, तर निप्पल कुठे आहे ते बघा. ते कॅलिपरच्या वरच्या बाजूला असलं पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली जातं, आणि हवा वर अडकून बसते.

सगळं झाल्यावर ठोकळा आठवणीनं काढा, इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरा. टिकलं तर रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगात दोन-चारदा ब्रेक मारा, एक हात हँडब्रेकजवळ. रात्री चारही चाकांच्या आत आणि मास्टर सिलिंडरच्या खाली कोरडे पुठ्ठे सरकवून ठेवा, टाकीवर पातळीची मार्करनं रेघ मारा. सकाळी पुठ्ठे बघा, आणि आठवड्यानं ती रेघ.