शनिवारची मुंबई : समकालीन कलादालने कशी पाहावीत

दक्षिण मुंबईतील कलादालने एका दिवसात पाहायची असतील, तर त्यासाठी शनिवार निवडावा. फोर्ट आणि कुलाब्यातील बहुतेक खासगी दालने रविवारी बंद असतात, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते. शनिवारी सहसा सगळेच उघडे सापडते. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात दालने रिकामी असतात, म्हणून काय चालू आहे याची खात्री आदल्या दिवशी करून घ्यावी. निघताना मनात एकच प्रश्न ठेवावा : हे काम या भिंतीवर लावायचे कोणी ठरवले? प्रत्येक ठिकाणी त्याचे उत्तर बदलते.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहापासून करावी. तिकीट काढून थेट त्या दालनात जावे. वाटेतील प्राचीन शिल्पे आणि लघुचित्रे मोह घालतील, ती दुसऱ्या दिवसासाठी राखावीत. निकल्सन हे कापसाचे व्यापारी. त्यांनी 1968 पासून चित्रे घेतली, आणि त्यांच्या पश्चात 2011 पासून हा संग्रह येथे आलटून पालटून दाखवला जातो. म्हणजे येथे निवड एका माणसाच्या आवडीची आहे. सूझा, आरा, रझा, तय्यब मेहता, गायतोंडे अशा आधुनिक भारतीय चित्रकारांची नावे या संग्रहात असली, तरी त्यांपैकी कोण भिंतीवर भेटेल ते चालू मांडणीवर अवलंबून असते.

वासुदेव गायतोंडे यांचे चित्र दिसलेच, तर तेथे दहा मिनिटे थांबावे. नागपुरात जन्मलेल्या, मूळच्या गोव्याकडील कुटुंबातल्या या चित्रकाराने रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची बोथट सुरी) वापरून रंगांचे थरावर थर दिले. अमूर्त चित्रापुढे ‘हे काय आहे’ असे विचारत राहिले की माणूस हिरमुसतो; ‘हे कसे केले असेल’ असे विचारले, की कोणता रंग खाली आहे, कोठे तो पुसून काढला आहे, कडा कोठे विरल्या आहेत, हे डोळा आपोआप शोधू लागतो. ही सवय येथेच लावून घ्यावी, कारण पुढच्या दालनांत ओळखीची नावे कमी होत जातात.

समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. एकेकाळी सभा आणि मैफलींसाठी असलेले हे सभागृह 1996 मध्ये कलेसाठी खुले झाले. येथे निवड सरकारी संस्थेची असते, आणि गोलाकार मजले चढत घुमटापर्यंत जाताना एखाद्या कलाकाराच्या आजवरच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन पाहण्याची खरी मजा येते.

जवळच 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आहे. प्रवेश विनामूल्य. निवड समितीने मान्यता दिल्यावर चित्रकार भाडे भरून येथे जागा घेतो, त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतो, आणि पुष्कळदा स्वतःच प्रदर्शनात बसलेला असतो. त्यामुळे दर्जा खालीवर असणारच. पण चित्रकाराशी थेट बोलण्याची इतकी सोपी सोय या परिसरात दुसरी नाही.

याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 1963 मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. केकूंचा मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटींचा. ते दालन 2007 मध्ये फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर गेले, आणि खासगी दालन कसे असते हे समजून घ्यायला ते चांगले ठिकाण आहे. येथे दालनचालक ठरावीक कलाकारांबरोबर वर्षानुवर्षे काम करतो. कुलाब्यातील अशी दालनेही अनेकदा जुन्या इमारतींत असतात; दरवाजा बंद दिसला तरी घंटा वाजवावी, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि खरेदीची अपेक्षाही कोणी धरत नाही. किमती सहसा भिंतीवर नसतात, त्यांची यादी मागितल्यास मिळते. छायाचित्र विचारून काढावे. मांडणशिल्प, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती, असेल तर पाऊल टाकण्यापूर्वी जमिनीकडे पाहावे, कारण कलाकृती कोठे संपते ते नेहमी कळत नाही.

दिवसभरात चार ठिकाणांच्या पुढे जाऊ नये; त्यानंतर डोळे उघडे राहतात, पण दिसत काही नाही. आवडलेल्या दालनाच्या नोंदवहीत पत्ता लिहून ठेवला, तर पुढची निमंत्रणे येऊ लागतात. उद्घाटनाला अवश्य जावे, मात्र त्या संध्याकाळी भिंतींपेक्षा पाठमोरी माणसेच अधिक दिसतात, तेव्हा चित्रे पाहायला नंतर पुन्हा एक फेरी मारावी लागते.