प्लेसहोल्डरवाली फाइल मराठीत आणण्याआधी

पीओ फाइल (सॉफ्टवेअरमधल्या ओळी आणि त्यांची भाषांतरं ठेवणारी फाइल) उघडलीत की आधी तिच्यात प्लेसहोल्डर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना नाव किंवा आकडा भरला जातो त्या जागेच्या खुणा, कोणत्या जातीचे आहेत ते बघा. सी आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषांत टक्क्याच्या चिन्हानंतर इंग्रजी एस किंवा डी असतो: एसच्या जागी मजकूर येतो, डीच्या जागी आकडा. क्यूटी या सॉफ्टवेअर बनवायच्या संचात टक्क्यानंतर नुसता क्रमांक. पायथनमध्ये टक्क्यानंतर कंसात नाव येतं आणि कंस संपल्यावरही एक एस लोंबकळत असतो. तो चुकून राहिलाय असं वाटून पुसला जातो. पुसू नका.

प्लेसहोल्डर हाताने टाइप न करता मूळ ओळीतून कॉपी करा. कीबोर्ड मराठीवर असला की क्रमांक देवनागरी पडतो आणि प्रोग्रॅमला तो कळत नाही. कच्चं भाषांतर यंत्राकडून घेतलं असेल, तर कंसातल्या नावाचंही त्याने मराठी केलंय का, हे तपासा.

मग क्रम. समजा, पान क्रमांक दाखवणारी ओळ आहे. इंग्रजीत आधी चालू पान येतं, मग एकूण पानं. आपण ‘१० पैकी ३’ म्हणतो. दोन्ही डी तसेच ठेवलेत तर पडद्यावर ‘३ पैकी १०’ उमटेल. एक एस आणि एक डी उलटे पडले तर सीमधला प्रोग्रॅम कोसळूही शकतो. म्हणून सी आणि पीएचपीच्या ओळींत टक्क्यानंतर क्रमांक, डॉलरचं चिन्ह आणि मग अक्षर, असं लिहा.

सगळ्यात जास्त वेळ विभक्तीसाठी राखा. प्लेसहोल्डरला थेट ‘त’ किंवा ‘ला’ चिकटवलात की ‘पुणेत’, ‘साताराला’ असलं काहीतरी छापून येतं. येणारं नाव मोकळं सोडा, प्रत्यय पुढच्या शब्दावर टाका: ‘सातारा या शहरात’, ‘हिशोब या फोल्डरमध्ये’. जरा सरकारी वाटतं खरं, पण ‘पुणेत’पेक्षा बरं. माणसाच्या नावापुढे ‘यांनी’ घाला. ‘सामील झाला’ की ‘झाली’ हा पेच ‘यांनी गटात प्रवेश केला’ म्हटल्यावर उरतच नाही, कारण क्रियापद ‘प्रवेश’प्रमाणे चालतं.

आकड्यानुसार बदलणाऱ्या ओळीला एकवचन आणि अनेकवचन असे दोन रकाने असतात, ते दोन्ही भरा. ‘संदेश’ दोन्हीकडे तसाच राहतो, ‘आला’चं मात्र ‘आले’ होतं. मराठीच्या नेहमीच्या नियमात शून्यही दुसऱ्या रकान्यात जातं.

पाठवण्याआधी एमएसजीएफएमटी (msgfmt) हे पीओ फाइलवर चालणारं साधन तपासणीचा पर्याय लावून चालवा. हरवलेला प्लेसहोल्डर ते पकडतं, पण ओळीवर प्लेसहोल्डरची जात सांगणारी सी-फॉरमॅटसारखी खूण असेल तरच. बिनखुणेच्या ओळी डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.