सागरी जीवांच्या रक्षणासाठी नागपूरकरांनी नेमके काय करावे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बंदर, जेट्टी किंवा मोठा रस्ता उभारताना केंद्र सरकारने घातलेल्या पर्यावरणीय अटी पाळल्या जातात की नाही, याची देखरेख करणारे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील नव्या सचिवालयाच्या इमारतीत आहे. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालयही याच शहरात आहे. कासव, डॉल्फिन, देवमासा किंवा प्रवाळ वाचवण्याचे काम फक्त कोकणातल्या लोकांचे, ही समजूत म्हणूनच बाजूला ठेवायला हवी. वाळूत घरट्यांची राखण करणारी माणसे वेळासला, आंजर्ल्याला, गुहागरला आहेत आणि त्यांचे काम त्यांच्याइतके चांगले आपल्याला जमणार नाही. मात्र ज्या कागदांवर त्या वाळूचे भवितव्य ठरते, ते वाचण्याचे आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम इथून चांगले करता येते. ते कसे करावे, याची ही माहिती आहे.

आधी त्या जिवाचे वर्ष समजून घ्यावे

कोणताही अहवाल हाती घेण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरील प्राणी कोणत्या महिन्यात काय करतो, हे माहीत असावे लागते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळू उकरून अंडी घालते आणि परत जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, म्हणजे हंगामाचे शेवटचे टोक मे महिन्यापर्यंत जाते. पिल्ले रात्री सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. पण मागे हॉटेलचे किंवा जेट्टीचे प्रखर दिवे असतील, तर पिल्ले जमिनीकडे वळतात आणि सकाळपर्यंत सुकून किंवा कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडून मरतात. किनाऱ्यावर धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारा बांधला, तर मादीला चढायला वाळूच उरत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली वाळूवर सुरूच्या झाडांची लागवड केली, तरी घरट्यांची जागा जाते.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ राहणारा हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी वावरतो आणि जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे. त्याला धोका आहे तो पाण्यातल्या आवाजाचा, गाळ उपसण्याचा आणि बोटींच्या वर्दळीचा. प्रवाळाला गढूळ पाणी मारते. कांदळवन तोडले की खाडीतल्या माशांच्या पिल्लांचा आसरा जातो. जिवानुसार धोका बदलतो, म्हणून अटही बदलायला हवी. हे लक्षात ठेवले की अहवालातील मोघम वाक्ये लगेच ओळखू येतात.

नकाशा पाहावा

१८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेनुसार कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, चिखलाचे जैवदृष्ट्या सक्रिय पट्टे आणि कासवांच्या विणीच्या जागा ‘सीआरझेड-१ अ’ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा असतो. ग्रामीण किनाऱ्यावर लोकसंख्येच्या घनतेनुसार भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर, नसेल तर २००. हे वर्ग दाखवणारे नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

नकाशात विणीचा किनारा विणीचा म्हणून रंगवलेला आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. तो तसा दाखवलेला नसेल, तर त्या किनाऱ्याचे संरक्षण कागदावर सुरूच होत नाही. नकाशासोबत गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे लावून पाहावीत. एखाद्या खाडीकाठी पाच वर्षांपूर्वी गर्द हिरवे दिसणारे कांदळवन आज तांबड्या भरावाखाली गेलेले दिसले, तर दोन्ही चित्रे तारीख आणि अक्षांश-रेखांशासह जपून ठेवावीत. कांदळवनांची नासधूस थांबवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे, त्यामुळे अशा चित्रासह केलेली तक्रार सहज बाजूला सारता येत नाही. तक्रार जिल्हाधिकारी आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष, दोघांकडेही पाठवावी.

आघात मूल्यांकनाचा अहवाल वाचावा

मोठ्या प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, करावे लागते. हे अहवाल शेकडो पानांचे असतात आणि पहिल्या नजरेत माणूस दबून जातो. सगळे वाचण्याची गरज नाही. प्रकरणांचा क्रम ठरलेला असतो: तिसऱ्यात परिसराचे वर्णन, चौथ्यात होणारे परिणाम व उपाय, पाचव्यात पर्याय, सहाव्यात देखरेखीची योजना, दहाव्यात पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. सुरुवात तिसऱ्यापासून करावी.

तिथे पहिला प्रश्न विचारावा तो महिन्यांचा. निरीक्षणे कोणत्या काळात घेतली? मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावर फिरून ‘कासवांचा वावर आढळला नाही’ असे लिहिणे म्हणजे वीण आटोपल्यावर घरटी शोधणे आहे; त्या वाक्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही, आणि हरकतीत नेमके हेच लिहावे. दुसरा प्रश्न पद्धतीचा. डॉल्फिनची नोंद बोटीतून ठरावीक रेषांवर फिरून केली, की मच्छीमारांना दोन प्रश्न विचारून उरकली? तिसरा प्रश्न यादीचा. प्रजातींच्या यादीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची अनुसूची दिलेली असते. ऑलिव्ह रिडले, व्हेल शार्क, डॉल्फिन आणि प्रवाळ ही अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतील, नावे आहेत. स्थानिक मच्छीमार आणि कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारे गावकरी, ज्या प्राण्याबद्दल वर्षानुवर्षे सांगतात, तो यादीतच नसेल, तर चौथ्या प्रकरणात त्याच्यासाठी उपायही नसणार.

‘इथे फार थोडी घरटी आहेत’ हा युक्तिवाद वारंवार येतो. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे एकमेकांपासून वेगळी मानून कोकणातील घरटी किरकोळ ठरवणे किती घाईचे आहे, हे सांगायला हे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

चौथ्या आणि दहाव्या प्रकरणात ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ असे वाक्य दिसले की त्याखाली रेघ ओढावी, कारण मोजता न येणारी अट कधीच मोडली जात नाही. त्या जागी काय हवे, हे आपण लिहून द्यावे. कासवांच्या किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते मे या काळात समुद्राकडे तोंड असलेला एकही उघडा दिवा नसावा. आवश्यक दिवे खाली, झाकलेले आणि पिवळसर-तांबड्या प्रकाशाचे असावेत. खांब ठोकण्याचे काम असेल, तर आधी ३० मिनिटे प्रशिक्षित निरीक्षकाने समुद्र न्याहाळावा, ५०० मीटरच्या आत डॉल्फिन दिसल्यास काम सुरू करू नये आणि हातोड्याचा जोर हळूहळू वाढवावा. ही पद्धत अनेक देशांत रूढ आहे. गाळ उपसताना पाण्याचा गढूळपणा किती वाढला की काम थांबवायचे, तो आकडा आधीच ठरवावा.

हरकत लेखी पाठवावी

मंजुरीपूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी जनसुनावणी होते; तिची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात येते. सुनावणी प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते आणि तिथे बोलण्याचा पहिला हक्क बाधित गावकऱ्यांचा आहे. आपण नागपुराहून जाऊन त्यांच्या वेळेत भाषणे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पर्यावरणाच्या बाजूने ज्यांचा संबंध पोहोचतो, अशा इतर व्यक्तींकडून लेखी म्हणणे मागवण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेतच आहे. ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मुदतीत पाठवावे आणि पोच घ्यावी. प्रत्येक मुद्द्यासमोर अहवालाचे प्रकरण आणि पान द्यावे. दोन पानांत मावेल इतकेच लिहावे. संतापाने भरलेली दहा पाने इतिवृत्तात एका ओळीत उरकली जातात. पानक्रमांकासह विचारलेल्या प्रश्नाला प्रकल्पाच्या बाजूने उत्तर द्यावेच लागते.

पाठवण्यापूर्वी त्या भागातील मच्छीमार सोसायटी किंवा ग्रामपंचायतीशी बोलावे. त्यांना रोज दिसणारी गोष्ट अहवालात नसते, आणि अहवालातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

मंजुरीनंतर खरे काम सुरू होते

बहुतेक लोक मंजुरी मिळाली की निराश होऊन विषय सोडून देतात. नागपूरकरांना मात्र सर्वांत जास्त करण्यासारखे याच टप्प्यावर असते. मंजुरीच्या पत्रात अटींची यादी असते आणि दर सहा महिन्यांनी, म्हणजे जून आणि डिसेंबरमध्ये, प्रकल्पाने त्यांच्या अनुपालनाचा अहवाल द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि अर्ज करणाऱ्या कोणालाही त्यांची प्रत मिळते, असे २००६ च्या अधिसूचनेतच नमूद आहे. मंजुरीचे पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर शोधावे, अटी क्रमाने उतरवून घ्याव्यात आणि सहामाही अहवालातील उत्तर प्रत्येकीसमोर मांडावे. ‘अनुपालन केले आहे’ एवढेच उत्तर जिथे असेल, तिथे पुरावा मागावा.

अहवाल संकेतस्थळावर नसेल, तर माहितीचा अधिकार वापरावा. केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जाची भाषा साधी असावी, उदाहरणार्थ: ‘अमुक क्रमांकाच्या पर्यावरण मंजुरीतील अट क्रमांक अमुक, म्हणजे कासवांच्या विणीच्या हंगामात दिव्यांवरील निर्बंध, याबाबत मागील दोन वर्षांत प्राप्त झालेले सहामाही अनुपालन अहवाल, त्यांसोबतची छायाचित्रे आणि आपल्या अधिकाऱ्यांनी केलेल्या स्थळपाहणीचे अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात, तसेच सदर धारिकेची पाहणी करण्याची परवानगी मिळावी.’ शेवटचा अर्धा भाग विसरू नये. कोकणातल्या कार्यकर्त्याला धारिका (फाइल) पाहण्यासाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो. आपण सदर किंवा धरमपेठ या भागांतून अर्ध्या तासात तिथे पोहोचतो. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, पुढील प्रत्येक तासाला पाच रुपये पडतात. ‘का केले नाही’ असे प्रश्न अर्जात विचारू नयेत. नोंदी आणि कागद मागावेत.

अनुसूची एकमधील जीव एका जागेवरून दुसरीकडे हलवायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या. त्याआधी जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली होती आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे नेण्यास मुभा दिली. अशा परवानग्यांच्या प्रती आणि त्यानंतरच्या देखरेखीचे अहवाल मागावेत. हलवलेले प्रवाळ वर्षभराने किती जगले, हा प्रश्न विचारणारे कोणीतरी असले पाहिजे.

अट सुधारून घेता येते, याचा दाखला आपल्या दारात आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्ग आपोआप आराखड्यात आले नाहीत. न्यायालयात आणि कागदोपत्री धरून बसलेल्या माणसांमुळे ते झाले. कॅमेऱ्यांत वाघ तिथून जाताना टिपले गेले आहेत.

न्यायाधिकरण आणि अधिवेशन

मंजुरीलाच आव्हान द्यायचे असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे एकही दिवस नाही. महाराष्ट्रासाठीचे खंडपीठ पुण्यात आहे आणि नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क एक हजार रुपये आहे. अपील स्थानिकांनी करावे, आपण कागद पुरवावेत. ही वाटणी मला अधिक योग्य वाटते.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा नागपुरात भरते. कासवांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो आणि सहामाही अहवालही त्याच महिन्यात द्यायचा असतो. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून आपल्या आमदारांकडे दिवाळीपूर्वीच जावे. एका पानावर एकच प्रकल्प, एकच अट, तिच्यासमोर अहवालातील उत्तर आणि एक छायाचित्र इतकेच द्यावे. याच पानाची प्रत संबंधित गावाच्या ग्रामपंचायतीला आणि तिथल्या कासवमित्रांनाही पाठवावी, म्हणजे उत्तरात चुकीची माहिती आली तर ती खोडून काढायला किनाऱ्यावरची माणसे तयार असतील.