नव्या गाडीचा दिवा पेटला, तर विझवण्याआधी हे करा

गाडी जेमतेम आठ महिन्यांची. नवेपणाचा वास अजून गेलेला नाही, आणि एका सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. जुन्या गाडीत असं झालं तर माणूस 'वय झालं तिचं' म्हणून सोडून देतो. नव्या गाडीत फसवलं गेल्यासारखं वाटतं. मीही तणतणत सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथे पोचेपर्यंत दिवा विझलेला! काउंटरवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं, "आत्ता तर काहीच दिसत नाहीये." चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. माझी चूक एवढीच की पहिल्यांदा तो पेटला तेव्हा मी त्याची कसलीच नोंद ठेवली नव्हती. पुढचा क्रम त्या चुकीतून आलेला आहे.

पायरी १ : रंग बघा

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे गाडी चालेल, पण तपासणी लांबवू नका. हिरवे-निळे दिवे बहुतेक नुसती माहिती देतात. काही गाड्यांत इंजिन थंड असताना थोडा वेळ निळा दिवा दिसतो, तो आपोआप जातो. आणि गाडी सुरू करताना सगळे दिवे क्षणभर एकदम लागतात, ती यंत्रणेची स्वतःची चाचणी असते. त्यानंतर जो लागलेलाच राहतो, तो आपला.

पायरी २ : लाल असेल तर वाद घालू नका

सगळ्यात निकडीचा दिवा म्हणजे तेलाच्या झारीचा. तो ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. इंजिनाच्या आतले भाग ऑइलच्या पातळ थरावर फिरतात. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन कामातून जाऊ शकतं. तेव्हा बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलमध्ये बुडवलेल्या मोजपट्टीवर, पातळी बघा. पातळी बरोबर दिसली तरी दिवा जात नसेल तर गाडी टो करूनच न्या. 'सर्व्हिस सेंटर इथून दोनच किलोमीटरवर आहे' हा हिशेब इथे महागात पडतो.

तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद करा. थांबायला लगेच जागा नसेल तर हीटर पूर्ण चालू करा, इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. मग इंजिन बंद करा. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं.

बॅटरीच्या दिव्याचा अर्थ बहुतेक वेळा 'चार्जिंग थांबलं' असा असतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट तुटला असेल तर काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. ब्रेकच्या लाल दिव्यात आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय का ते बघा, मग ब्रेक ऑइलची पातळी. पॅड झिजले की पातळी थोडी खाली येते, पण पॅड झिजण्याइतकी गाडी चाललेलीच नसेल तर गळतीची शंका घ्या. लाल ब्रेक आणि एबीएस असे दोन्ही दिवे एकत्र लागले तर गाडी पुढे नेऊ नका. एकटा पिवळा एबीएस असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

पायरी ३ : चेक इंजिन स्थिर आहे की लुकलुकतोय?

चेक इंजिन म्हणजे तोच इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर हळू चालवत घरी किंवा सर्व्हिस सेंटरला जाता येतं. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये. ते न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याला भाजून काढतं. बिघाड एका स्पार्क प्लगचा किंवा कॉइलचा असतो आणि भुर्दंड कन्व्हर्टरचा बसतो. ॲक्सिलरेटर सोडा, थांबा, टो बोलवा.

पायरी ४ : फोटो काढा

आधी गाडी उभी करा, मगच फोन हातात घ्या. डॅशबोर्डचा असा फोटो हवा की दिवा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही दिसतील. आवाज किंवा थरथर असेल तर व्हिडिओ. मग दोन ओळी लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, पाऊस होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का, गाडी कुठे धुतली होती का. हे फालतू वाटतं. पण अधूनमधून येणारा-जाणारा बिघाड पकडताना मेकॅनिकच्या हाती यापेक्षा फारसं काही नसतं.

पायरी ५ : घरच्या घरी बघण्यासारखं

पेट्रोल टाकीचं झाकण 'कट कट' आवाज येईपर्यंत फिरवा. ते सैल राहिलं की टाकीतली वाफ गळते, यंत्रणा ते ओळखते आणि चेक इंजिन लावते. झाकण घट्ट केल्यावरही दिवा लगेच जात नाही, काही फेऱ्या व्हाव्या लागतात.

टायरच्या हवेचा दिवा थंडीत हमखास लागतो, कारण तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे दीड-दोन पीएसआयने कमी होतो. हवा टायर थंड असताना भरा आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. एकाच टायरची हवा पुन्हा पुन्हा उतरत असेल तर खिळा शोधा.

एअरबॅगचा दिवा लागला तर सीटखाली कोंबलेली पिशवी किंवा छत्री काढा. तिथे एअरबॅगच्या वायरी असतात आणि जोडणी सैल होऊ शकते. जोडणीला स्वतः मात्र हात लावू नका.

एकाच वेळी असंबद्ध चार-पाच दिवे लागले तर मला आधी १२ व्होल्टच्या बॅटरीचा संशय येतो. विक्रीआधी गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर बॅटरी नवेपणीच थकलेली असू शकते, आणि इलेक्ट्रिक गाडीतही ही छोटी बॅटरी असतेच. इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. दुसरा संशयित उंदीर. हसू नका, त्याला नव्या गाडीची वायरही चालते.

पायरी ६ : कोड वाचा, पुसू नका

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं; गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड तिथून वाचता येतात. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ही व्यवस्था सक्तीची झाली. त्यात छोटा स्कॅनर लावला की फोनवर कोड दिसतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न जळणं), 'पी ०४२०' म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. कोड लक्षण सांगतो; कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही.

स्कॅनरमध्ये 'क्लिअर'चं बटण असतं आणि हात तिकडे शिवशिवतो. दिवा पेटला त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही सगळी नोंद कोडसोबत साठवलेली असते. कोड पुसला की तीही गेली. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्लाही कोणीतरी देतंच. वॉरंटीतल्या गाडीत तो ऐकणं म्हणजे स्वतःच्या दाव्याचा पुरावा स्वतःच नष्ट करणं.

पायरी ७ : जॉब कार्ड नीट लिहून घ्या

जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं तो कागद. त्यावर नुसतं 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. तारीख, किलोमीटर, दिव्याचं नाव आणि तुमची दोन ओळींची टिपणी त्यावर यायला हवी, आणि प्रत तुमच्याकडे. 'काही सापडलं नाही' असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या. वॉरंटी संपत आली असेल तर ही नोंद आणखी मोलाची, कारण तक्रार मुदतीतली आहे हे तीच दाखवते. या मॉडेलसाठी रिकॉल (दोष सुधारण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा सॉफ्टवेअर अपडेट आलंय का, हेही विचारा. नव्या मॉडेलांत कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. वॉरंटी असेपर्यंत बाहेर वायरिंग कापून काही बसवू नका.

दुरुस्तीनंतर कुठला कोड होता आणि काय बदललं ते बिलावर बघा. मग दिवा ज्या परिस्थितीत पेटला होता तशीच एक फेरी मारा: थंड इंजिनावर पेटला असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी.

माझ्या गाडीत टाकीची वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह बिघडलेला निघाला. दुसऱ्या वेळी फोटो आणि कोड दोन्ही दाखवले आणि तासाभरात तो वॉरंटीत बदलून मिळाला. तोवर मी टाकीचं झाकण इतक्या वेळा आवळलं होतं की त्याचा रबर बदलावा लागतो की काय, असं वाटायला लागलं होतं.