कच्च्या केळ्याचा ‘पाव’ करताना या चुका टाळा

शिकागोच्या पोर्तो रिकन वस्तीत १९९०च्या दशकात लोकप्रिय झालेल्या ‘हिबारितो’ या सँडविचमध्ये पाव नसतोच. हिरव्या केळ्याचे दोनदा तळलेले, चपटे, लांबट काप पावाची जागा घेतात. कॅरिबियन बेटांवर घरोघरी होणारे ‘तोस्तोनेस’ याच रीतीचे, फक्त लहान. कृती सोपी वाटते, पण पहिल्या खेपेस काप मोडतात किंवा तेलाने थबथबतात, आणि दोष केळ्यावर जातो.

केळ्याचा दोष असतोही, पण तो बाजारातच पदरी पडलेला असतो. भाजीसाठी मिळणारी आखूड कच्ची केळी या कामाला अपुरी पडतात. लांब, जाड सालीचे आणि ठसठशीत कडांचे राजेळी केळे घ्यावे. वसईची सुकेळी याच राजेळीची होतात, आणि मुंबईत माटुंग्याला ते नेंद्रन या नावाने मिळते. सालीवर पिवळी झाक आलेली नसावी, कारण पिष्टाची साखर होऊ लागली की काप आतून शिजण्याआधी बाहेरून काळवंडतो आणि दाबताना त्याचा लगदा होतो.

साल ओढून काढण्याचा हट्ट करू नये. दोन्ही टोके उडवावीत, कडांवर उभ्या चिरा द्याव्यात आणि साल सुरीच्या टोकाने उचकटावी. हाताला आधी तेल चोळावे, नाहीतर चिकाचे डाग लवकर जात नाहीत.

केळ्याचे उभे दोन भाग करून पहिले तळण मध्यम आचेवर, साधारण १६० अंश सेल्सिअसला करावे. येथे रंग आणायचा नसून काप शिजवायचा असतो; तो फिकट पिवळा असतानाच सुरी सहज आत गेली पाहिजे. सोनेरी होईपर्यंत थांबल्यास वरचे कवच कडक होते आणि दाबताच तडकते.

खरी कसोटी दाबण्याची. मी पहिल्यांदा सगळे काप तळून ताटात मांडले, फोनवर बोलून परत आले आणि एकेक दाबू लागले, तर त्यांचे बिस्किटासारखे तुकडे पडले. म्हणून काप कढईतून निघाल्यावर गरम असतानाच दाबावा. केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांना तेल लावून त्यांच्यामध्ये तो ठेवावा आणि वर पोळपाट ठेवून सरळ खाली भार द्यावा. पोळपाट फिरवला की कडा फाटतात. जाडी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर पावाऐवजी वेफर हाती येतो. कडेच्या बारीक भेगा चालतात. भेग मध्यापर्यंत गेली तर काप आत कच्चा आहे असे समजून पुढचा मिनिटभर जास्त तळावा.

दाबलेला काप लसूण-मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवण्याची पद्धत चविष्ट खरी, परंतु तो टिपून कोरडा न केल्यास तेल अंगावर उडते. दुसरे तळण १८५ अंशांच्या आसपास, एका वेळी दोनच काप घालून करावे. कढई भरली की तेल थंडावते आणि काप ते पिऊन बसतो.

सारण कोरडेच असावे. तळलेला काप निवला की चिवट होतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर दाबलेले काप झाकून ठेवावेत आणि दुसरे तळण मंडळी पानावर बसल्यावरच करावे.