गिअरबॉक्सचा प्रेशर स्विच खोटं बोलतोय की खरं, आधी ते बघा

मागच्या वर्षी मिरगाचा पाऊस नुकता लागला होता. गोव्याहून चोर्ला घाटानं परत येत होतो, कणकुंबी मागं पडलं आणि जांबोटीच्या अलीकडं डॅशबोर्डवरचा 'डी'चा म्हणजे ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा झटका द्यायला लागली. कशीबशी बेळगावात आणली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "गिअरबॉक्स उतरवायला पाहिजे, साठ-सत्तर हजार धरून चला." शेवटी निघालं काय, तर अंगठ्याएवढा एक स्विच आणि त्याच्या कनेक्टरमध्ये धरलेलं हिरवं कीट. म्हणून हे लिहितोय, जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेले आता आपल्याकडं बरेच झालेत.

आधी हा स्विच करतो काय ते बघू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे तेलाच्या प्रेशरनं आतला एक क्लच दाबला जातो आणि दुसरा सुटतो. प्रेशर खरंच पोचलं का हे कंप्युटरला कळवायला त्या तेलाच्या वाटेवर स्विच बसवलेला असतो. प्रेशर आलं की स्विच जोडला जातो आणि वायर बॉडीला म्हणजे अर्थला लागते, प्रेशर गेलं की सुटतो. एवढंच. त्याला बहुतेक वेळा एकच वायर असते. तीन वायरी दिसल्या तर तो स्विच नाही, सेन्सर आहे, तो प्रेशर किती आहे ते व्होल्टेजनं सांगतो आणि त्याची तपासणी वेगळी असते, हा फरक डोक्यात ठेवा कारण खाली वायर अर्थला लावायची जी युक्ती सांगणार आहे ती सेन्सरवर करायची नाही.

आणि एक, हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकबद्दल चाललंय. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) किंवा डीएसजी (दोन क्लचवाली) गाडी असेल तर तिथल्या हायड्रॉलिक युनिटमध्ये ४०-५० बारच्या आसपास प्रेशर साठवलेलं असू शकतं, इंजिन बंद असलं तरी. तिथं पाना लावायचा नाही, सरळ जाणकाराकडं न्यायची.

पहिलं काम तेल बघायचं

कोड, म्हणजे गाडीच्या कंप्युटरनं नोंदवलेला दोषाचा नंबर, वाचायच्याही आधी. तेल कमी असलं तर प्रेशर कमी येणार, स्विच तेच सांगणार, आणि आपण बिचाऱ्या स्विचला शिव्या घालणार. तेल बघायची रीत गाडीगाडीत वेगळी आहे, काहींत गरम इंजिन चालू ठेवून पी मध्ये बघायचं असतं, होंडाच्या जुन्या पाच गिअरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन गरम करून बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक काढायची, त्यामुळं मॅन्युअल उघडून बघा. गाडी सपाट जागेवर पाहिजे. तेल काळं पडलंय आणि जळका वास येतोय तर क्लच जळायला लागलेत, मग स्विच बदलून काही होत नाही. चुकीचं तेल घातलेलं असेल तरी तीच गत. आमच्या गल्लीतल्या मामांनी दोनदा स्विच बदलला, तिसऱ्यांदा कळलं की आधीच्या मालकानं कुठलं तरी 'सगळ्या गाड्यांना चालतंय' वालं तेल ओतलं होतं.

मग कोड

पी०८४० ते पी०८४९ आणि पी०८७० ते पी०८७९ ही मंडळी ट्रान्समिशनच्या प्रेशर सेन्सर किंवा स्विचची. होंडात पी०८४७ म्हणजे तिसऱ्या क्लचचा स्विच कायम ऑन दिसतोय, पी०८४८ म्हणजे कायम ऑफ दिसतोय. हा ऑन-ऑफचा फरक फार कामाचा, पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल चालतो पण काही डोंगल फक्त इंजिनचा कंप्युटर वाचतात, मग चांगला स्कॅनर असलेल्याकडं जावं लागतं. कोड दिसला की लगेच पुसू नका, कागदावर लिहा, सोबत फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) दिसत असेल तर त्या वेळचा स्पीड, तेलाचं तापमान तेही लिहा. लोक आधी पुसतात आणि मग मेकॅनिकला सांगतात "काहीतरी आठ-चार होतं की".

डोळ्यांनी बघा, इथंच निम्मं काम होतं

इंजिन थंड होऊ द्या. स्विच बाहेरून बसवलेला असेल तर तो गिअरबॉक्सच्या अंगावर, बॅटरी नाहीतर एअर फिल्टरचा डबा काढला की किंवा खालून, दिसतो. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नका आणि विटाही लावू नका, पक्के स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड द्या. कनेक्टरचं कुलूप दाबून कनेक्टर काढा, वायर धरून ओढायची नाही.

आत काय दिसतंय? हिरवं-पांढरं कीट असेल तर पाणी शिरलंय. खानापूर, जांबोटीकडची लाल चिखलाची वाट रोजची असेल तर हेच निघायची शक्यता जास्त. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत बसवा, रॉकेलनं धुवायचं नाही, रबर फुगतं. कनेक्टरमध्ये तेल असेल तर स्विचचा आतला पडदा फाटलाय, तेल त्यातून बाहेर येतंय, तिथं पुढची तपासणी करायचीच नाही, स्विच बदला आणि वायरीत चढलेलं तेलही पुसून काढा. आणि उंदीर! उसाची तोड झाली की शेतातले उंदीर घराकडं येतात, गरम गिअरबॉक्सवर झोपतात आणि सकाळी वायर खाऊन जातात. वायर तुटली असेल तर नुसती पिळून चिकटपट्टी लावू नका, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंकची नळी चढवा.

मीटर घ्या

साधा चार-पाचशेचा मल्टीमीटर पुरतो. कनेक्टर काढलेला, चावी ऑन, इंजिन बंद. वायरीकडच्या बाजूला लाल टोक, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. गाडीप्रमाणं ५ व्होल्टच्या आसपास किंवा बॅटरीएवढे १२ यायला पाहिजेत. काहीच येत नसेल तर स्विचचा दोष नाही, वायर कुठंतरी तुटलीय किंवा अर्थला लागलीय, नाहीतर कंप्युटरकडंच गडबड आहे.

व्होल्टेज बरोबर आलं तर स्विच बघा. चावी बंद, मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप वाजतो ती खूण), एक टोक स्विचच्या पिनला, दुसरं स्विचच्या धातूच्या अंगाला. इंजिन बंद म्हणजे प्रेशर नाही, म्हणजे मीटरनं गप्प बसायला पाहिजे. इथं बीप वाजला तर स्विच आत चिकटलाय, कायम ऑनवाला कोड यामुळं येतो.

कायम ऑफवाला कोड असेल तर स्कॅनर लावून लाइव्ह डेटात (कंप्युटरला आत्ता काय दिसतंय त्या यादीत) तो स्विच उघडा आणि काढलेल्या कनेक्टरची वायर एका तुकड्यानं बॉडीला लावा. स्क्रीनवर ऑफचं ऑन झालं तर वायर आणि कंप्युटर दोन्ही ठीक. मग उरले दोघं, स्विच किंवा प्रेशर. (परत सांगतो, एक वायरवाला स्विच असेल तरच.)

आता यातला कोण, हे चालत्या गाडीत कळतं. कनेक्टर परत लावा, त्याच्या पाठीमागून वायरीला बारीक पिन घालून लांब वायर केबिनमध्ये घ्या, गरम सायलेन्सरला आणि फिरत्या भागाला लागणार नाही अशी बांधून, शेजारी दुसऱ्या माणसाला मीटर घेऊन बसवा. चालवणाऱ्यानं मीटरकडं बघायचंच नाही. त्या क्लचचा गिअर पडला की व्होल्टेज शून्याजवळ यायला पाहिजे, सुटला की परत वर. चाकं वर उचलून गिअर टाकून बघणारेही असतात, मी घरी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

व्होल्टेज खाली येतच नाही, तर खरंच प्रेशर येतंय का ते गेजनं मोजायचं. बऱ्याच गिअरबॉक्सला त्यासाठी बोल्टनं बंद केलेलं तोंड असतं. इथं बेळगावकरांचं नशीब चांगलं, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचं काम करणारे इतके आहेत की त्या आट्याचं अडॅप्टर आणि होज लावून २० बारपर्यंतचं गेज जोडून मिळतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ. प्रेशर मॅन्युअलप्रमाणं असेल तर स्विच खोटा. प्रेशरच कमी असेल तर स्विच खरं बोलतोय आणि दुखणं आत आहे, पंप, व्हॉल्व्ह, क्लचचे सील, आणि तिथं मग गिअरबॉक्सवाल्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

स्विच बदलताना

हा स्विच दुरुस्त होत नाही, दाबून बंद केलेला असतो, नवाच घ्यायचा आणि कंपनीचाच घ्या. आजूबाजूची माती आधी ब्रशनं झाडा, नाहीतर स्विच काढल्यावर तीच भोकात पडते. खाली ट्रे ठेवा, थोडं तेल सांडतंच. पाना धातूच्या षटकोनावर लावा, प्लॅस्टिकवर लावला की संपलं. वॉशर नवा. आट्यांना टेफ्लॉन टेप अजिबात नाही, नळाची सवय असलेले हात लगेच टेप गुंडाळतात, पण या स्विचची अर्थ आट्यांतूनच जाते आणि टेपचा कपचा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो. हातानं पूर्ण बसवून मग घट्ट करायचं, होंडाच्या अशा स्विचला साधारण २० न्यूटन मीटर पुरतात, गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावाल तर आटे जातील.

काही गाड्यांत स्विच चेंबरच्या (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या डब्याच्या) आत, तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीवर असतात. तिथं चेंबर उतरवणं, सगळं तेल काढणं आलं, ते काम स्वच्छ वर्कशॉपमध्येच करून घ्या.

शेवटी तेलाची पातळी परत बघा, कमी तेवढंच त्याच जातीचं तेल घाला, कोड पुसा आणि गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. मी हायवेनं वंटमुरी घाट चढून हत्तरगीपर्यंत जाऊन आलो, चढावर गिअर खालीवर भरपूर होतात. घरी येऊन परत स्कॅन केलं, कोड नाही, आणि कागदाचा तुकडा घेऊन खाली वाकून स्विचच्या बुडाला लावून बघितला, कोरडाच होता.